केडगावचे मुक्ती मिशन : दुष्काळात उभी राहिलेली संस्था

या स्मरणिकेचा विषय 'दान' ठरला आणि संस्था-इतिहासाचे पान माझ्याकडे आले, तेव्हा एकदोघांनी विचारलेच : दोंडाईचातल्या स्मरणिकेत पुणे जिल्ह्यातल्या संस्थेचा इतिहास कशाला? आपल्या खानदेशात काय संस्था नाहीत? आहेत. नंदुरबारची एस. ए. मिशन शाळा आहे, नवापूरजवळ चिंचपाड्याला १९४२ साली सुरू झालेला ख्रिस्ती दवाखाना आहे. पश्चिम खानदेशात स्वीडिश आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांनी आयुष्ये घालवली. त्यांचे ऋण नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण या इतिहासामुळे आपल्या मंडळ्यांत एक समज घट्ट बसला : देणारे साता समुद्रापलीकडचे, आणि आपण घेणारे. केडगावचे मुक्ती मिशन एका मराठी बाईने काढले. तिच्याकडेही परदेशातून पैसा आला आणि भरपूर आला. पण संस्थेच्या मुळाशी तो पैसा नव्हता. काय होते, ते सांगण्यासाठी हे पान.

आधी एक खुलासा. हे केडगाव म्हणजे नगरला लागून असलेले नव्हे. दौंड तालुक्यातले, पुणे–दौंड लोहमार्गावरचे. आपल्याकडचे लोक हटकून घोटाळा करतात.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला आणि पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात घर केले. तिथे विद्यार्थी यायचे, यात्रेकरू यायचे, सगळ्यांना जेवण असायचे. त्या पाहुणचारात होते नव्हते ते संपले. मग कुटुंब पुराण सांगत देशभर फिरू लागले. क्षेत्रोक्षेत्री दानधर्म चालूच होता : ब्राह्मणभोजने, वस्त्रदान, सोने, गाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हेच कुटुंब अन्नान्न करीत फिरले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे १८९७ मध्ये रमाबाईंनी आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या दानाविषयी त्या कडवटपणे लिहून गेल्या आहेत : पुण्य पदरात पडेल, देव प्रसन्न होईल या आशेने सारे देऊन टाकले आणि शेवटी हाती काही उरले नाही. त्यांचा कडवटपणा समजण्यासारखा आहे. तरी डोंगरेशास्त्र्यांच्या दानात भक्ती नव्हती असे मी म्हणणार नाही. रानातल्या त्या घरातून कुणी उपाशी परत गेले नाही, आणि ती सवय मुलीत उतरली. केडगावचे स्वयंपाकघर गंगामूळच्या चुलीवरूनच आले, असे मला वाटते.

पुढचा भाग वाचकांना बहुतेक ठाऊक असतो, म्हणून घाईने सांगतो. कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी १८८० मध्ये विवाह, मुलगी मनोरमा, १८८२ मध्ये वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि तिथे वाँटेजला २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या.

इथून दानाची गोष्ट सुरू होते. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. एडवर्ड एव्हरेट हेल अध्यक्ष. गावोगावी 'रमाबाई मंडळे' निघाली. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा काढायची आणि तिला दहा वर्षे पैसा पुरवायचा, असे ठरले. अट एकच : शाळेत धर्मप्रसार नाही. या वर्गणीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आले.

हे दानही खरेच होते. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या बालविधवांसाठी अमेरिकेतल्या बायका दरसाल पैसे बाजूला काढत होत्या, याला मी हलके लेखणार नाही. पण त्याला मुदत होती, हद्द होती आणि देखरेख होती. पैसा कुणासाठी वापरायचा, कुणासाठी नाही, हे लिहून ठेवलेले होते. कोणत्याही व्यवस्थित संस्थेला असेच लागते. आपल्या मंडळीचे खजिनदार ही ओळ वाचून मान डोलावतील.

१८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. बाई पहाटे स्वतःची प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे ठेवीत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागार मंडळावरचे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पालकांना दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे पाहणे त्यांचे कामच होते. बाईंचे म्हणणे असे, की दुसऱ्यांच्या धर्माला मी हात लावीत नाही, तर माझ्या खोलीत मी माझ्या देवाची भक्ती लपून का करू? या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे.

मला महत्त्वाची वाटते ती त्याच सुमाराची दुसरी घटना, जिचा वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला नाही. रमाबाईंनी १९०७ मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे, की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळालेला नव्हता. एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र वाचताना १८९१ च्या आसपास त्यांना हे उमगले. मग त्यांनी ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरचे, चीनमध्ये काम केलेल्या हडसन टेलरचे, दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या जॉन पेटनचे चरित्र वाचले. कुणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवता येतो? आपल्या देशात हे शक्य आहे का? हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला. लाखांचा व्यवहार पुढे कसा झाला ते विचारणाऱ्याने आधी या चार-पाच वर्षांच्या घोळण्याकडे पाहावे.

मात्र बाई स्वप्नाळू नव्हत्या. बॉस्टनची दहा वर्षांची मुदत संपेल तेव्हा काय, याचा विचार त्यांनी वेळेवर केला आणि केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या, संत्री, लिंबे, आंबे लावले. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हिशेब. 'विश्वासाने जगणे' म्हणजे वही न लिहिणे, असा आपल्याकडे काही उत्साही लोकांचा समज असतो. त्यांनी ही बाग लक्षात ठेवावी.

आणि मग १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या : माणसे रस्त्यावर मरताहेत, मुलींना दलाल उचलून नेताहेत. रमाबाईंची द्विधा मनःस्थिती झाली. त्यांच्या हातातला पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळातल्या, कोणत्याही जातीच्या, कदाचित विधवा नसलेल्याही मुलींसाठी त्यातला एक रुपया खर्च करण्याचा त्यांना अधिकार नव्हता. अशा वेळी संस्थाचालक सहसा ठराव करतात, अपील छापतात, पैसे जमले की निघतात. बाई आधी निघाल्या. वीस वर्षांपूर्वी आपण स्वतः उपाशी फिरलो, हे त्या विसरू शकत नव्हत्या. सोहागपूर, नरसिंहपूर, जबलपूर या भागातल्या दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी पाहिल्या आणि मुली गोळा करायला सुरुवात केली. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली पुण्याकडे आल्या. इटारसी, खंडवा, भुसावळ, मनमाड हाच त्या वेळचा सरळ लोहमार्ग, तेव्हा त्या गाड्या आपल्या खानदेशातूनच गेल्या असणार.

एक गोष्ट बाईंनी आपल्या साक्षीत सांगितली आहे. दुष्काळाआधी लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी प्रार्थना केली, की या पंधरांच्या पंधरापट होऊ देत. म्हणजे दोनशे पंचवीस. ही मागणी करताना त्यांना ठाऊक होते, की शारदा सदनात साठ-पासष्टांच्या वर मुली ठेवण्याची सोयही नाही आणि परवानगीही नाही. लोक देवाजवळ पैसे मागतात. या बाईने खर्च मागितला. माझ्या मते मुक्ती मिशनचा सगळा इतिहास या एका मागणीत आहे.

त्यातच पुण्यात प्लेग. इतक्या नव्या मुली शहरात ठेवायला सरकारी मनाई झाली. बाई त्यांना घेऊन केडगावच्या बागेत आल्या. तंबू, गवताची छपरे, जेवणाला ज्वारी. अंगावर उवा, खरूज, तोंडात फोड, पोट पाठीला टेकलेले. शिवाय भुकेने माणूस जे शिकतो ते चोरणे, लपवणे, ओरबाडणे. रात्री उशाखाली भाकरी लपवून झोपणाऱ्या मुलीला उद्याही भाकरी मिळणार आहे हे पटवायला किती दिवस लागतात, याचा हिशेब कुठल्या अहवालात सापडत नाही. शारदा सदनातल्या थोरल्या मुलींनी ही पोरे वाटून घेतली : न्हाऊ घालणे, केस कापणे, मलम लावणे, अक्षर शिकवणे. यातल्या कित्येकजणी सोवळ्या घरातून आलेल्या ब्राह्मण विधवा होत्या. कालपर्यंत ज्यांची सावली त्यांनी टाळली असती, त्यांची डोकी त्या मांडीवर घेऊन विंचरत होत्या. त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता. जे होते ते त्यांनी दिले, आणि ते देताना जात मोडली.

शुभवर्तमानातली विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपल्याला पाठ असते. श्रीमंतांनी भरभरून टाकले, तिने दोन टोल्या टाकल्या, आणि प्रभूने तिचेच अर्पण मोठे ठरवले. या गोष्टीवर आपल्याकडे उपदेश होतो, आणि मग स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने छापली जाते. याही स्मरणिकेत छापली जाईल. मी तक्रार करीत नाही. कागद, छपाई फुकट होत नाही.

१८९८ मध्ये बॉस्टनची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुने असोसिएशन विसर्जित होऊन अमेरिकन रमाबाई असोसिएशन नावाने नवे उभे राहिले, शारदा सदनाला मदत चालू राहिली. केडगावच्या कामाला मात्र बाईंनी 'मुक्ती' नाव दिले, आणि ते उघडपणे ख्रिस्ती होते. इथे दहा वर्षांची हमी नव्हती. कुणी ठरावीक रक्कम देण्याचा करार केला नव्हता. येईल ते देवाचे, जाईल ते देवाचे. गरजा त्या पत्रांतून, पत्रकांतून कळवत, हेही नोंदवायला हवे. कुणापुढे हात न पसरण्याचा म्युलरइतका कडक नियम त्यांनी पाळला असे दिसत नाही. पण परदेशातून मदतीला आलेल्या बायकांना पगार नसे. मिनी एब्रम्स ही अमेरिकन मेथडिस्ट सेविका आपल्या मिशनचे पगारी काम सोडून इथे आली. मुलगी मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतली ती थेट आईच्या कामात रुजू झाली, शारदा सदन सांभाळू लागली आणि अंध मुलींसाठी तिने ब्रेल शिकून घेतली.

१८९९–१९०० चा दुष्काळ, आपला छप्पन्न्या, पहिल्यापेक्षा भयंकर. खानदेशातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून आहे. या खेपेला गुजरातेतूनही मुली आल्या. १९०० मध्ये केडगावात सुमारे दोन हजार माणसे जेवत होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्राने वाचकांकडून धान्य गोळा करून 'क्विटो' नावाची आगबोट मक्याने भरून मुंबईला पाठवली : जवळजवळ दोन लक्ष बुशेल मका. ज्यांनी आपले कोठार उघडले त्या शेतकऱ्यांना हिंदुस्थान नकाशावर दाखवता आला असता की नाही कोण जाणे.

संस्थेची वाढ कशी झाली, तर दारात कोण आले त्याप्रमाणे. फसवल्या गेलेल्या, वाईट मार्गाला लावलेल्या स्त्रिया आल्या, म्हणून कृपा सदन. म्हाताऱ्या, दुबळ्या बायका आल्या, म्हणून प्रीती सदन. मुलींबरोबर त्यांचे धाकटे भाऊ आले, म्हणून सदानंद सदन. आंधळ्या आल्या, म्हणून बर्तीमी सदन. वाटेवर भीक मागणाऱ्या त्या शुभवर्तमानातल्या आंधळ्याचे नाव. आधी योजना आणि मग माणसे, असा क्रम इथे कधी नव्हता. माग होते, तेलाचा घाणा होता, गुरे होती, छापखाना होता, आणि ही सगळी कामे बायका करीत. १८९९ मध्ये पाया घातलेले मोठे प्रार्थनामंदिर या गर्दीसाठीच बांधावे लागले. १९०५ मध्ये इथे झालेल्या आध्यात्मिक संजीवनाची चर्चा परदेशात फार झाली. मला त्या रडण्या-गाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण्यावर गेलेल्या बायकांचे अधिक वाटते. हा माझा स्वभावदोष समजावा.

बाईंच्या अखेरच्या वर्षांतले काम वेगळ्याच जातीचे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावे अशा भाषेत. कान अधू झाले होते, प्रकृती खालावली होती. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या, पाने शिवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. त्यातल्या पुष्कळजणी कधीकाळी दुष्काळातून उचलून आणलेल्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच आधी गेली. बाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यातून पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याआधी १९१९ ला सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले होते. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या, पांढऱ्या लुगड्यात वावरणाऱ्या त्या बाईला त्याचे फार काही वाटले असेल असे दिसत नाही.

मुक्तीवर घेतला जाणारा आक्षेप इथे टाळणे बरे दिसणार नाही. दुष्काळात जीव वाचवला आणि त्याबरोबर धर्म दिला, ही टीका तेव्हाही झाली, आजही होते. अनाथ पोराला निवड ती काय, हा प्रश्न खरा आहे. माझे उत्तर अर्धवट आहे : रमाबाईंनी आपला देव त्या मुलींना दिला, कारण त्यांच्याजवळ त्याहून मोलाचे काही नव्हते, पण ज्यांना भाकरी हवी होती त्यांना आधी भाकरी दिली. ज्यांना हे पुरेसे वाटत नाही त्यांच्याशी मी भांडणार नाही.

त्याच काळातला अशा देण्याचा आणखी एक दाखला, आणि तो आपल्या मातीला चिकटलेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाला आले होते. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, तेव्हा कोवळे पोर. टिळकांनी त्याला हेरले, आणि पुढे तो त्यांच्या नगरच्या घरात घरच्यासारखा राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्यावर आईच्या मायेने लिहिले आहे. टिळकांनी त्याला ख्रिस्ती केले नाही; खाऊ घातले, कविता ऐकल्या, इतकेच. याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. घरात पैसा टिकू न देण्याची त्यांची ख्याती आधीपासून होती. पगार सोडल्यावर लक्ष्मीबाईंना फारसा फरक जाणवला नसावा.

आपल्याकडे, तापीच्या या पट्ट्यात, दान पैशापेक्षा धान्यातच जास्त दिसले आहे. सुगीच्या सणाला प्रार्थनामंदिरात ज्वारी-बाजरीची कणसे, भरताची वांगी, डांगर, दोंडाईचाच्या बाजारातून आलेल्या लाल मिरच्यांचे ढीग लागतात. उपासना चालू असताना मिरचीच्या खाटाने पाळकांना ठसका लागतो आणि पोरे हसतात. मग लिलाव. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारे डांगर पाचशेला जाते, आणि ज्याने घेतले तो ते पुन्हा लिलावात टाकतो. यात हौस आहे, थोडी चुरस आहे, थोडे मिरवणेही आहे. पण कोपऱ्यात एखादी बाई पदराआडून मूठभर तूरडाळ टोपलीत सोडून जाते आणि तिचा लिलाव कधी पुकारला जात नाही, कारण ती डाळ आधीच दुसऱ्याच्या धान्यात मिसळलेली असते. रोजच्या स्वयंपाकातून मूठ बाजूला काढून आठवड्याला मंदिरात आणणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. त्यांच्यापैकी कुणी दशमांशाचा हिशेब मांडल्याचे मला आठवत नाही.

पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार स्त्रिया, मुली, अंध यांच्यासाठीची सदने आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे. देणगी देशातून येते, परदेशातून येते, आणि नियमांप्रमाणे तिचा हिशेब ठेवावा लागतो. बाईंच्या काळातली मोकळीक आता कुठल्याच संस्थेला नाही. आपल्या मंडळीतल्या ज्या कुणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी जळगाव किंवा भुसावळहून मनमाडमार्गे दौंडची गाडी धरावी. दौंडहून पुण्याच्या बाजूला केडगाव स्टेशन लागते. जाताना आधी कळवावे. तिथे माणसे राहतात, प्रदर्शन मांडलेले नाही. आणि जाताना काय न्यावे हे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो, की दोंडाईचाच्या मिरच्या कुणालाही चालतात.